नगरसेवक जेव्हा पालक होतात

३१ मार्च २०२० या दिवशी इंग्लंडमधील ८०,०८० मुले स्थानिक कौन्सिलांच्या सांभाळात होती. कोणी प्रतिपालक कुटुंबात राहत होते, कोणी बालगृहात. या नात्याला तिथे ‘कॉर्पोरेट पॅरेंट’ असे नाव आहे. म्हणजे संस्थेने निभावायचे पालकत्व. कचरा, रस्ते आणि वाचनालये यांवर मत देणारा नगरसेवक या मुलांच्या शाळेची, औषधपाण्याची आणि सुरक्षिततेचीही काळजी वाहतो. या तारखेच्या आठच दिवस आधी देशात लॉकडाऊन लागला होता.

मुलांची ही जबाबदारी ठरावीक माणसांवर टाकण्यामागे एका मुलीचा मृत्यू आहे. आयव्हरी कोस्टहून आलेली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने मरण पावली. समाजसेवा विभाग, पोलीस, रुग्णालये अशा सर्वांशी तिचा संबंध आला होता, तरी तिला कोणी वाचवले नाही. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला आणि पाठोपाठ २००४ चा बालकायदा झाला. बालसेवांचा भार असलेल्या सुमारे १५० कौन्सिलांपैकी प्रत्येकीत दोन माणसे नेमणे या कायद्याने बंधनकारक केले. एक बालसेवा संचालक, म्हणजे अधिकारी. दुसरा ‘लीड मेंबर’, म्हणजे निवडून आलेला नगरसेवक. हेतू साधा होता : काही बिघडले, तर बोट कोणाकडे दाखवायचे हे आधीच ठरलेले असावे.

या दोघांना प्रश्न विचारते ती स्क्रुटिनी कमिटी, म्हणजे छाननी समिती. आपल्या जिल्हा परिषदेतील महिला व बालकल्याण समितीसारखीच ही असेल असे वाटते, पण हिचे काम निराळे. २००० च्या स्थानिक शासन कायद्याने घडवलेल्या या समितीला कारभाराचा एकही आदेश काढता येत नाही. ती कागद मागवते, अधिकाऱ्यांना समोर बसवते, शिफारस करते आणि झालेला पण अमलात न आलेला निर्णय फेरविचारासाठी परत पाठवते. शिक्षणाचा विषय असला की चर्चचे आणि शाळांतील पालकांचे प्रतिनिधीही तिथे मत देतात. अधिकार प्रश्नाचा, हुकमाचा नाही.

कोविडच्या महामारीत आधी सभेचीच पंचाईत झाली. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार सदस्यांनी सभागृहात हजर राहणे सक्तीचे होते. ४ एप्रिल २०२० पासून ऑनलाइन सभांना तात्पुरती मुभा मिळाली. मग अध्यक्ष एकेकाचे नाव पुकारणार, सदस्य म्यूट काढून ‘बाजूने’ किंवा ‘विरोधात’ म्हणणार, असे मतदान सुरू झाले.

खरी अडचण मात्र सभेबाहेर होती : मुलेच दिसेनाशी झाली. शाळा बहुतेकांसाठी बंद होत्या. ज्यांना समाजसेवक नेमलेला होता अशा मुलांना त्या खुल्या होत्या, पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांतली फारच थोडी आली. हातावरचा वळ, न आणलेला डबा, गप्प गप्प बसणे, हे सर्वांत आधी टिपतात ते शिक्षक. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात बालसेवांकडे आलेल्या सूचना ७ टक्क्यांनी घटून ५,९७,७६० वर आल्या. शाळांकडून येणाऱ्या सूचना तर ३१ टक्क्यांनी घटल्या. छळ कमी झाला म्हणून आकडा उतरला, असा अर्थ त्यातून काढता येत नव्हता. पाहणारे डोळे कमी झाले होते.

अनेक कौन्सिलांनी मुलांच्या प्रकरणांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग देऊन ठरवले, की कोणाच्या घरी जायचे आणि कोणाला फोन करायचा. काही भेटी दारातच, पायरीवर उभ्या उभ्या झाल्या. २४ एप्रिलपासून सरकारी नियमांनीही फोन-व्हिडिओवरच्या भेटींना वाट दिली. ते नियम करताना बाल आयुक्तांचा सल्ला घेतला नाही म्हणून सरकारची कृती बेकायदा, असे अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. ऑफस्टेड या राष्ट्रीय तपासणी संस्थेच्या नेहमीच्या पाहण्या मार्चपासूनच थांबल्या होत्या. त्यामुळे छाननी समितीच्या प्रश्नांचे वजन वाढले.

अशा वेळी समितीपुढे तक्ता येतो : इतक्या भेटी ठरल्या, इतक्या झाल्या. कच्चा सदस्य टक्केवारी पाहून पान उलटतो. जाणता सदस्य विचारतो : यांतल्या किती घरात झाल्या, किती दारात, किती फोनवर? मूल एकटे बोलले का? व्हिडिओवर बोलताना त्याच्या समोर कोण बसले होते?

हे प्रश्न किती महत्त्वाचे, ते सोलिहल शहरातील एका सहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूने दाखवले. एप्रिल २०२० मध्ये नातेवाइकाने त्याच्या अंगावरील वळांची खबर दिली; समाजसेवक घरी जाऊन आले आणि काळजीचे कारण नाही, असा निष्कर्ष निघाला. जूनमध्ये तो मुलगा छळाने गेला. मे २०२२ च्या राष्ट्रीय अहवालाने नोंदवले, की कुटुंबातील इतरांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही.

छाननी समिती एकेका मुलाची फाइल उघडत नाही. तिच्यापुढे येतात ते आकडे. त्या मुलाच्या घरची भेट वेळेवर झाली होती. तक्त्यात ती ‘पूर्ण’ याच रकान्यात बसली असती.