वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : सही करण्याआधी

“सिस्टर, वजनाचं ऑपरेशन करून घेऊ का?” आरोग्य शिबिरात हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या. गुडघे दुखतात, साखर गोळ्यांना दाद देत नाही, झोपेत घोरताना श्वास अडकतो. मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते आणि काहींनी दागिने गहाण ठेवण्याचीही तयारी केलेली असते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लठ्ठपणा हा आजार आहे, आळशीपणा नव्हे. त्यावर शस्त्रक्रिया करून घेण्यात लाज नाही. पण ही शस्त्रक्रिया सुंदर दिसण्यासाठी नसते आणि चरबी शोषून काढण्याचा प्रकारही नसतो. यात जठराचीच रचना बदलली जाते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीने होतात. छिद्रे लहान असली तरी ऑपरेशन मोठेच आहे.

शस्त्रक्रिया कोणाला लागू पडते? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आपल्याकडे कमी वजनालाही मधुमेह जडतो, म्हणून भारतीयांसाठी निकष वेगळे आहेत. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे आजार असतील तर बीएमआय ३२.५ च्या पुढे आणि असे आजार नसतील तर ३७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे आकडे अंदाजे ७५ आणि ८७ किलो येतात. आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहात याहून कमी बीएमआयलाही तज्ज्ञ विचार करतात. पण वजन ६५ किलो, दुसरा काही आजार नाही आणि तरी कोणी ऑपरेशन सुचवत असेल, तर तिथून उठून यावे.

चांगला सर्जन पहिल्याच भेटीत तारीख देत नाही. आधी तपासण्या होतात : तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी १२ व डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, बहुतेक ठिकाणी एंडोस्कोपी आणि गरज असेल तर झोपेची तपासणी. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे नेहमीचेच, ते आधी भरून काढावे लागते. तंबाखू, बिडी आणि मिश्रीसुद्धा किमान सहा आठवडे आधी बंद करावी व पुन्हा सुरू करू नये. मिश्री लावतो हे सांगायला संकोच करू नका. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनांचा आहार देतात. त्याने सुजलेले यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. हे पथ्य चालू असताना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचे प्रमाण बदलावे लागते. ते डॉक्टरांना विचारूनच बदला.

आता सर्जनची निवड. दवाखान्याची काच आणि एसी पाहू नका, प्रश्न विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? या शस्त्रक्रियेचे वेगळे प्रशिक्षण कुठे घेतले? वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता? किती रुग्णांना गळती, रक्तस्राव किंवा रक्ताची गुठळी झाली? किती दगावले? “आमच्याकडे कधीच काही होत नाही” हे उत्तर चालणार नाही. आयसीयू याच इमारतीत आहे का? भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत का? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न : घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार?

हा प्रश्न मी उगाच सांगत नाही. सल्ल्यासाठी आलेल्या एका ताईंना स्लीव्हनंतर तीन आठवडे उलट्या होत होत्या. ऑपरेशन करणारे सर्जन दुसऱ्या शहरातून महिन्यातून दोनदा येत आणि फोनवर उत्तर मिळे, “होतं असं सुरुवातीला.” पायांना मुंग्या येऊन चालताना तोल जाऊ लागला तेव्हा घरचे घाबरले. सततच्या उलट्यांनी बी १ जीवनसत्त्व संपले की नसांना इजा होते. वेळेवर इंजेक्शन मिळाले तर ती टाळता येते. ऑपरेशन व्यवस्थित झाले होते, पण नंतर बघणारे कोणी नव्हते.

घरी आल्यावर ताप, छातीची जोरदार धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, धाप किंवा पोटरीला सूज आली तर सकाळची वाट पाहू नका. पुढे आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम घ्यावे लागते आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासावे लागते. रोज ६० ग्रॅम तरी प्रथिने हवीत : अंडी, मासळी, चिकन, डाळ, पनीर. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, जठरात जखम होते. पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून दुसरे साधन आधीच ठरवा. या गोळ्या-तपासण्यांचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय कर्ज काढू नका.

पैशांचे म्हणाल तर अंदाजपत्रक लेखी मागा आणि गुंतागुंत झाल्यास किती वाढेल तेही लिहून घ्या. आरोग्य विम्यात साधारणपणे बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५, अशी अट असते. म्हणजे डॉक्टरी निकषात बसणारी व्यक्ती विम्यात बसेलच असे नाही. विमा कंपनीची लेखी मंजुरी आधी हातात घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करा. योजनांबद्दल तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा.

संमतीपत्र मराठीत समजावून घेणे हा तुमचा हक्क आहे. स्लीव्हला दिलेली संमती ही बायपासची संमती होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते आणि मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे मिळाली पाहिजेत. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. ती भिंतीवर दिसते का पाहा.

पहिल्या भेटीला एकट्या जाऊ नका. घरातले किंवा महिला मंडळातले कोणीतरी सोबत न्या, प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरेही लिहून घ्या. जो सर्जन प्रश्नांना चिडतो, तो तक्रारींनाही चिडेल.