लशीपाशी थबकलेले तरुण

८ डिसेंबर २०२० रोजी कॉव्हेंट्रीत नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन यांनी करोनाची लस टोचून घेतली आणि ब्रिटनमधली मोहीम सुरू झाली. मान वयाचा होता. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांच्या पोरांची पाळी यायला १८ जून २०२१ उजाडला. अफवा पसरायला तेवढे महिने पुष्कळ झाले.

लस देणं सुरू होण्याआधीच एका मोठ्या सर्वेक्षणात सुमारे ७२ टक्के कृष्णवर्णीयांनी आणि पाकिस्तानी-बांगलादेशी वंशाच्या ४२ टक्के लोकांनी आपण लस घेऊ असं वाटत नाही, असं सांगितलं होतं. आणि पहिल्या लाटेत मृत्यूंचं प्रमाण जास्त होतं तेही याच समाजांत.

नकार एकसारखा दिसला, तरी त्यामागच्या गोष्टी वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीय घरांत अमेरिकेतलं टस्कीगी माहीत होतं: तिथे १९३२ ते १९७२ सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांवर उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं गेलं. शिवाय ब्रिटनमधलं, कॅरिबियनहून पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना बेकायदा ठरवणारं आणि २०१८मध्ये उजेडात आलेलं विंडरश प्रकरण ताजं होतं. ज्या सरकारनं आजोबांकडे कायदेशीर रहिवासाचे पुरावे मागितले, तेच आता नातवाला दंड पुढे कर म्हणत होतं. पाकिस्तानी घरांत अबोटाबाद आठवत होतं. लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएनं तिथे हिपॅटायटिसच्या लसीकरणाचा बनाव रचला होता.

‘मला धडधाकटाला काय होतंय?’ हा सूर मात्र सगळ्या तरुणांचा. त्यात मर्दानगीची धास्ती. सप्टेंबर २०२१मध्ये रॅपर निकी मिनाजनं ट्वीट केलं, की त्रिनिदादमधल्या नात्यातल्या एका भावाच्या मित्राचे वृषण लशीमुळे सुजले आणि ठरलेलं लग्न मोडलं. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी चौकशी करून असा रुग्णच नसल्याचं सांगितलं. तोवर बातमी जगभर झाली होती.

सगळीच भीती मात्र पोकळ नव्हती. फायझर-मॉडर्नाच्या लशीनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, तरुण मुलग्यांत हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचे क्वचित प्रकार घडले. बहुतेक सौम्य होते. पण हे न दडवता सांगणं भाग होतं. एकदा लपवलेलं उघड झालं, की खरंही खोटं ठरतं.

मशिदी, मंदिरं, मैदानं यांत केंद्रं उघडली. नावनोंदणीशिवाय लस मिळू लागली. टॅक्सी आणि खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी सवलती देऊ केल्या. आकडे सुधारले, तरी कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण मागेच राहिलं. पिढ्यान् पिढ्या थकलेली विश्वासाची उधारी स्वस्त टॅक्सीनं फिटत नसते. पुढच्या साथीची तयारी करायची, तर या समाजांच्या वस्त्यांत दवाखान्यानं साथ नसतानाच पाय ठेवायला हवा.