खुला व्यापार आणि मजुराचे वेतन

आयात-जकातीचे कुंपण काढले, तर गरीब देशातील साध्या मजुराचे भले होईल काय? अर्थशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर एके काळी मोठ्या विश्वासाने दिले होते. १९४१ साली स्टोल्पर आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धान्ताचा आशय असा, की देशात जे विपुल असते, त्याचे मोल खुल्या व्यापाराने वाढते. गरीब देशात अकुशल मजूर विपुल असतात. तेव्हा तेथे त्यांचे वेतन वाढून कुशल कामगारांशी असलेले अंतर कमी व्हावे.

दक्षिण कोरिया व तैवान यांनी १९६० नंतर निर्यातीचा मार्ग धरला, तेव्हा बहुतांशी असेच घडले. मेक्सिकोचा अनुभव मात्र उलट आला. त्या देशाने १९८५ पासून आयातीवरील बंधने झपाट्याने सैल केली आणि १९८६ साली तो 'गॅट' करारात सामील झाला. पुढील दहा वर्षांत तेथील कुशल व अकुशल कामगारांच्या वेतनातील अंतर घटण्याऐवजी वाढले.

याची कारणे तीन सांगतात. पहिले, जुन्या जकातीचा आसरा विशेषेकरून कपडे, पादत्राणे अशा अकुशल श्रमाच्या धंद्यांनाच होता. तो आसरा आधी गेला. दुसरे, त्याच सुमारास चीनसारखे अधिक स्वस्त मजुरीचे देश जागतिक बाजारात उतरले. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतून मेक्सिकोत आलेले कारखान्यातील काम अमेरिकेच्या मानाने साधे होते. परंतु मेक्सिकोच्या मानाने ते कौशल्याचे होते. त्यामुळे दोन्ही देशांत कुशल कामगारालाच मागणी वाढली. नव्या यंत्रांनी आणि संगणकांनी तिला आणखी जोर दिला.

व्यापाराने राष्ट्राची एकूण संपत्ती वाढते, हे खरे. परंतु ती घरोघर आपोआप वाटली जात नाही. जोडा स्वस्त झाला, तर तो विकत घेणाऱ्या हजारोंची थोडी थोडी बचत होते; शिवणाऱ्याची मात्र सारी रोजीच जाते.

तथापि ही कथा येथेच संपत नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मेक्सिकोतील ते अंतर पुन्हा घटू लागले. शिक्षणाचा प्रसार होऊन शिकलेल्या कामगारांची संख्या वाढली, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तात्पर्य, बंदर उघडणाऱ्या राज्यकर्त्यांनी शाळेचे दारही त्याच वेळी उघडले पाहिजे. आणि ज्याची रोजी गेली, त्याला नवे काम शिकेपर्यंत आधार दिला पाहिजे. एरवी व्यापाराचा लाभ राष्ट्राच्या हिशेबवहीत दिसेल, मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचणार नाही.