राजगडावरील पद्मावती माचीचें पटांगण

नगराची ओळख त्याच्या मधल्या पटांगणावरून होते. इस्फाहान येथील नक्श-ए-जहान हें पटांगण इराणचा शहा पहिला अब्बास याच्या आज्ञेनें १५९८ पासून आंखलें जाऊं लागलें. त्याची लांबी सुमारें ५६० मीटर व रुंदी सुमारें १६० मीटर आहे. दक्षिणेस शाही मशीद, पूर्वेस शेख लुत्फुल्लाची मशीद, पश्चिमेस अलि कापू हा राजप्रासाद व उत्तरेस बाजाराचें महाद्वार, अशा त्याच्या चार बाजू. स्पेनची राजधानी माद्रिद येथील मोठा चौक तिसऱ्या फिलिपच्या अमदानींत १६१९ सालीं पुरा झाला. यानंतर थोड्याच दशकांनीं सह्याद्रीच्या एका शिखरावर मराठ्यांची पहिली मोठी राजधानी उभी राहिली. तिला असें पटांगण होतें काय, असल्यास तें कोठें, आणि आज दिसणारे त्याचे अवशेष कोणत्या काळाचे समजावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

वेल्ह्याच्या मुलुखांत मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून जो ओळखला जाई, त्यावर शिवाजी महाराजांनीं राजगड बांधिला. गडाची रचना सर्वश्रुत आहे. मध्यें उंच व दुर्गम बालेकिल्ला, पूर्वेकडे सुवेळा, नैर्ऋत्येकडे संजीवनी व उत्तरेकडे पद्मावती अशा तीन माच्या. पैकीं सुवेळा व संजीवनी या लांबट, अरुंद सोंडा असून त्यांची योजना सर्वस्वी लढाऊ आहे. बालेकिल्ल्याची चढण इतकी उभी कीं, नित्याच्या कामास शेंकडों माणसांनीं तेथें जावें यावें हें संभवत नाहीं. राहतां राहिली पद्मावती. तिन्ही माच्यांत रुंद तीच, आणि वस्तीच्या खुणा दाट आहेत त्याही तिच्यावरच. राजधानीचा लोकव्यवहार येथेंच चालत असला पाहिजे, हें अनुमान प्रथम भूमीच काढून देते.

आतां माचीवरील वास्तु क्रमानें पाहूं. चोरदरवाजाची वाट पद्मावती तळ्यापाशीं वर येते. तळ्याच्या भिंती अद्याप शाबूत असून आंत उतरण्यास भिंतींतच कमान ठेविली आहे. जवळच पद्मावती देवीचें व रामेश्वराचें अशीं दोन मंदिरें आहेत. देवीच्या मंदिरासमोर जी समाधि दाखवितात ती सईबाईसाहेबांची होय, अशी परंपरा आहे. त्यांचें निधन १६५९ सालीं राजगडावर झालें. रामेश्वरापासून पायऱ्यांनीं वर जातां राजवाड्याचीं जोतीं लागतात व पुढें अंबारखाना, सदर आणि दारूकोठार या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या जागा येतात. राजमार्ग म्हणावा असा पाली दरवाजा याच माचीवर आणून सोडतो. त्याचें पहिलें द्वार अंबारीसह हत्ती यावा इतकें उंच व रुंद आहे.

ही यादी इस्फाहानच्या चार बाजूंशीं ताडून पाहिली असतां साम्य ध्यानांत येतें. द्वार, देवस्थान, राजगृह व कचेरी हीं अंगें दोन्हीकडे आहेत. गडावर पाणी व धान्य यांची भर पडली आहे, कारण वेढ्याच्या वेळीं तीं हाताशीं असावीं लागतात. भेद आहे तो मांडणीचा. सपाट प्रदेशांतील राजानें दोरी धरून चौकोन आंखला. येथें डोंगरानें जेवढी जागा दिली तेवढींत तींच अंगें वरखालच्या टप्प्यांवर बसविलीं व पायऱ्यांनीं जोडलीं. म्हणून चौकोनी चौक शोधीत येणाऱ्यास येथें कांहींच आढळत नाहीं, व चढउतारासकट सबंध माची हेंच पटांगण असें धरून पाहणाऱ्यास तें सहज दिसतें. पुढें रायगडास सिंहासनाची सदर, तीसमोर नगारखाना व बाहेर होळीचा माळ, असें जें प्रशस्त रूप आलें, त्याचा पूर्वपाठ या माचीवर गिरविला गेला असें आम्हांस वाटतें.

परंतु येथेंच सावधगिरी पाहिजे. माचीवरील प्रत्येक जोतें शिवकालीन म्हणण्याची प्रवृत्ति फार आहे. कालाचा हिशेब करून पहावा. राजगड राजधानी होता तो सुमारें पंचवीस वर्षें. १६७४ चा राज्याभिषेक रायगडावर झाला, तत्पूर्वींच कारभार तिकडे गेला होता. १७०४ सालीं औरंगजेबानें गड घेऊन त्यास नबीशाहगड असें नांव दिलें. १७०७ सालीं तो परत मराठ्यांकडे आला व पुढें भोरच्या पंतसचिवांच्या ताब्यांत राहिला. पेशवाईची अखेर १८१८ सालीं झाली व भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. म्हणजे राजधानीच्या काळाहून उत्तरकाळ कितीतरी पटींनीं मोठा. एवढ्या अवधींत भिंती पडल्या, दगड उपटून दुसरीकडे बसविले गेले, जुन्या जोत्यांवर नव्या ओवऱ्या चढल्या, हें गृहीत धरलेंच पाहिजे.

याचा उत्तम दाखला पद्मावतीच्या मंदिरांतच आहे. तेथें देवीचीं तीन रूपें पुजलीं जातात. मधला शेंदूर माखलेला तांदळा हें मूळ स्थान. एका बाजूची लहान मूर्ति महाराजांनीं बसविलेली व मुख्य पूजेची मोठी मूर्ति पंतसचिवांनीं स्थापिलेली, असें सांगतात. परंपरेचें हें म्हणणें धरल्यास एकाच गाभाऱ्यांत तीन काळ शेजारीं शेजारीं बसले आहेत, व सर्वांत मोठा भाग सर्वांत उत्तरकालीन आहे. मंदिराचा जो न्याय तोच सदरेस व वाड्यास लावावा. जागा शिवकालीन असूं शकते, वरचें बांधकाम तसें असेलच असें नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशांत गणना झाली व त्यांत राजगड आहे. आतां डागडुजी होईल, फलक लागतील. फलकावर कोरलेलें अनुमान दहा वर्षांत प्रमाण होऊन बसतें, आणि चुन्यानें जुळविलेलें जोतें पुन्हा उकलून वाचतां येत नाहीं. म्हणून दुरुस्तीपूर्वीं प्रत्येक जोत्याचें माप, दगडाची घडण व चुन्याचा प्रकार टिपून ठेवणें अवश्य आहे. आणि नांव लिहितांना तें कागदावरून आलें कीं तोंडी परंपरेवरून, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

कागद मात्र गडावर नाहीं, खालीं खोऱ्यांत सांपडावयाचा. याच भोर भागांतील कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली आणि शिवचरित्राच्या कालनिर्णयास नवें वळण लागलें. तसें महत्त्व एखाद्या क्षुल्लक भासणाऱ्या यादीसही येऊं शकतें. कौलें, चुना व सागाचे वासे यांचा खर्च, अंबारखान्याचा जमाखर्च, देवीच्या नैवेद्याची नेमणूक, गडकऱ्यांच्या हजिऱ्या, असल्या कागदांवर राजमुद्रा नसते, म्हणून संग्राहक ते बाजूस टाकतात. वस्तुतः अमुक सालीं सदरेचे खण शाकारले एवढी एक ओळ दहा वर्णनांहून मोलाची आहे. भोर व वेल्हें भागांतील जुन्या घराण्यांत असे रुमाल ज्यांच्या नजरेस येतील त्यांनीं ते सोडून निवडूं नयेत. बांधणी व अनुक्रम होता तसाच राखून प्रथम नक्कल उतरून घ्यावी. पद्मावती माचीचें पटांगण कोणीं, केव्हां व कसें वापरलें, याचा निकाल दगड व असला कागद शेजारीं ठेवूनच लागणार आहे.