मेद, हृदय आणि टायटिन

तंजावरास दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यक शेजारी नांदविले. या शेजाराचा मोह आजही पडतो. अतिस्थूल देहात मेदच तेवढा पोसला जातो, इतर धातू उपाशी राहतात, असे चरकाचे मत. अशा माणसाच्या आठ दोषांत त्याने आयुष्याचा ऱ्हास व दौर्बल्य गणले आहे.

आधुनिक शास्त्रानुसार मेद हे केवळ कोठार नव्हे. मेदपेशी प्रथिने स्रवतात. त्यांपैकी लेप्टिन १९९४ साली सापडले. स्थूलपणात ते वाढते, हितकारक अ‍ॅडिपोनेक्टिन घटते आणि दाहजनक प्रथिने बळावतात. त्यामुळे हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून नायट्रिक ऑक्साइड कमी मिळते व स्नायूतील टायटिनवर फॉस्फेट पुरेसे चढत नाही, असे मानले जाते. टायटिन ही जणू स्प्रिंगच. मानवी शरीरातील ज्ञात प्रथिनांत सर्वांत मोठी, म्हणून ग्रीक पुराणातील महाकाय टायटनांचे नाव तिला लाभले. फॉस्फेटावाचून ती ताठरते. मग हृदय जोराने आकुंचन पावते, परंतु नीट सैलावत नाही, म्हणून सहज भरत नाही. तपासणीत ठोका दमदार दिसतो आणि रोग्याला जिना चढताना धाप लागते.

चरकाचा धातू म्हणजे प्रथिन नव्हे. तसा अर्थ लावणे दोघांवरही अन्याय होईल. वजन उतरले की अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र पुन्हा वाढू लागते.