खरवडायचे कुठून आणि किती

केस गेलेला, कडेला खवले धरलेला, मधे काळवंडलेला गोल चट्टा कुत्र्याच्या अंगावर दिसला की निदान सांगणाऱ्यांची वानवा नसते. शेजारी गजकर्ण म्हणतात, औषधवाला खरूज म्हणतो, सकाळी फिरायला येणारी मंडळी ‘उष्णता झालीय’ म्हणून मोकळी होतात. गंमत अशी की यातले कोण चुकले, हे नुसत्या नजरेच्या बळावर निष्णात पशुवैद्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कातडीला काहीही झाले तरी ती ते मोजक्याच रीतींनी दाखवते: लाल होते, केस टाकते, खवले धरते, पुटकुळ्या आणते आणि दुखणे जुने झाले की जाड व काळी पडते. डेमोडेक्स नावाचा माइट, गजकर्णाची बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणू ही तीन अगदी वेगळी कारणे एकाच जागी, केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीत, ठाण मांडतात आणि बाहेरून तिन्हींचा चट्टा जवळजवळ सारखाच दिसतो. औषधे मात्र तिन्हींची वेगळी. त्यात खाज थांबावी म्हणून सर्रास टोचले जाणारे स्टेरॉइड पहिल्या दोन्हींत रोग पसरवायलाच मदत करते. तेव्हा नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिल्याखेरीज उपचाराला हात घालू नये, इथपर्यंत फारसे दुमत नसावे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. नमुना कुठून, किती खोल आणि कशाने घेतला हे ठाऊक नसेल, तर ‘काही सापडले नाही’ या उत्तराला भुलू नये.

खरवडण्याचेच पाहू. साहित्य अगदी साधे: दहा नंबरचे सर्जिकल ब्लेड, काचेची स्लाइड, कव्हरस्लिप आणि लिक्विड पॅराफिनची बाटली. ब्लेडची धार आधी मुद्दाम मारतात, कारण इथे कापायचे नसते. केस लांब असतील तर कात्रीने आखूड करायचे, कातडीवर आणि ब्लेडवर पॅराफिनचा एकेक थेंब घ्यायचा. तेलामुळे खरवडलेले उडून जात नाही, ब्लेडला चिकटते; शिवाय त्यात माइट जिवंत राहतात आणि त्यांचे हलणारे पाय नजरेला चटकन सापडतात. डेमोडेक्सचा संशय असेल तर कातडीची घडी चिमटीत धरून दाबायची, म्हणजे केसांच्या पिशव्यांत खोल बसलेले माइट वर ढकलले जातात. मग ब्लेड कातडीशी काटकोनात धरून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, एकाच इवल्याशा जागेवर पुन्हा पुन्हा फिरवायचे. कातडी आधी गुलाबी होते, मग तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटू लागतात. सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त असे पाझरले की खोली साधली. रक्त भळभळले तर ब्लेड कापते आहे, आणि रक्त आलेच नाही तर वरवरचे काम झाले आहे. हा करडा-लालसर लगदा स्लाइडवर पसरून, कंडेन्सर खाली घेऊन, कमी ताकदीच्या भिंगाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहत जायचे. लांबट, शेपटीकडे निमुळता, पुढच्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या असलेला तो डेमोडेक्स. अंडी, सहा पायांची पिल्ले आणि मोठे माइट अशी सगळी वये एकाच स्लाइडवर भेटली तर पैदास जोरात आहे असे समजावे. निरोगी कुत्र्याच्या कातडीतही हे माइट असतात, पण इतके थोडे की सहसा ब्लेडला लागत नाहीत. म्हणून एकच दिसला तरी ‘असायचाच’ म्हणून सोडून न देता आणखी दोन-तीन जागा खरवडणे शहाणपणाचे.

हीच रीत खरजेच्या सार्कोप्टिस माइटला लावली तर बहुधा हाती काही लागत नाही. तो खोल जात नाही. कातडीच्या अगदी वरच्या मृत थरात आडवी बिळे खणत राहतो. संख्येनेही बरेचदा थोडा असतो. त्यामुळे इथे खोली नको, विस्तार हवा: कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे अशा ठिकाणी, पिवळट पापुद्रे धरलेल्या पण खाजवून सोलवटलेल्या नसलेल्या जागा निवडून, पॅराफिन भरपूर घेऊन, रुंद पट्टे वरवर खरवडायचे. एकाने भागत नाही, बऱ्याच ठिकाणचे नमुने लागतात. एकाच ब्लेडची ही दोन उलट कामे आहेत, आणि ‘स्क्रॅपिंग केले’ एवढ्या शब्दांवरून त्यातले कोणते केले ते कळत नाही.

जागा चुकली की काय होते, याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे. माणसाच्या खरजेचा किडा 1687 मध्ये इटलीच्या बोनोमोने मायक्रोस्कोपखाली पाहून फ्रांचेस्को रेदीला पत्राने कळवला होता. पुढे शतकभराहून अधिक काळ मोठमोठ्या डॉक्टरांना तो सापडेना, आणि न सापडल्यामुळे तो नाहीच असे म्हणणारे वाढले. 1812 मध्ये पॅरिसच्या गालेस यांनी तो सापडल्याचा दावा केला, पण त्यांनी छापलेले चित्र चीजमधल्या माइटचे निघाले. अखेर 1834 मध्ये रेनुच्ची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या डॉक्टरांदेखत सुईच्या टोकावर जिवंत किडा काढून दाखवला. कॉर्सिकातल्या गावच्या बायका तो असाच काढत. विद्वान मंडळी पुवाच्या फोडांत शोधत होती. किडा होता फोडापासून थोडा दूर, बिळाच्या टोकाशी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: ‘निगेटिव्ह’ या एकाच शब्दाचे वजन प्रत्येक तपासणीत निराळे असते. चांगल्या खोल खरवडीत, चार-पाच जागी, डेमोडेक्स दिसला नाही तर तो बहुधा नाहीच. अपवाद शार-पेसारख्या जाड कातडीच्या कुत्र्यांचा आणि सुजून घट्ट झालेल्या पंजांचा. तिथे बायॉप्सीच करावी लागते. सार्कोप्टिस मात्र खरूज असलेल्या निम्म्या कुत्र्यांतही सापडत नाही. तिथे रिकामी स्लाइड म्हणजे उत्तर नव्हे. कानाची कड बोटांत चोळल्यावर कुत्रा त्याच बाजूच्या मागच्या पायाने खाजवण्याची हालचाल करू लागला आणि घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावरही खाजरे पुरळ उठलेले असले, तर स्लाइड काहीही म्हणो, खरजेचे औषध देऊन पाहणेच योग्य. मग खरवडायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. कारण सापडला तर वाद मिटतो, आणि त्याच बैठकीत डेमोडेक्सचाही निकाल लागतो.

ब्लेड जिथे नेता येत नाही, म्हणजे पापणीजवळ, ओठांच्या कडेला किंवा बोटांच्या बेचक्यात, तिथे केस उपटून पाहतात. आर्टरी फोर्सेपच्या टोकात थोडेसे केस कातडीलगत पकडून वाढीच्या दिशेने एका झटक्यात ओढायचे आणि सगळी मुळे एका बाजूला येतील असे पॅराफिनात मांडायचे. मुळाशी चिकटून डेमोडेक्स येतात, दांड्यावर बुरशीचे बीजाणू दिसतात. पण मला या तपासणीचे खरे कौतुक वाटते ते मांजरांच्या बाबतीत. पोटावरचे केस गेलेले मांजर घेऊन येणारे बहुतेक लोक ‘केस गळतात’ असे सांगतात, कारण मांजर पुष्कळदा लपून चाटते. भिंगाखाली केसाची टोके पाहावीत. ती निमुळती असतील तर केस आपोआप गळत आहेत. तुटलेली, दोरीसारखी विसकटलेली असतील तर मांजर ते चाटून तोडते आहे, आणि मग हार्मोन्सच्या मागे न लागता पिसवांचा व ॲलर्जीचा शोध घ्यायला हवा.

सेलोटेपची पट्टी ही सगळ्यांत स्वस्त तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. तेलकट, कुबट वास मारणाऱ्या जागेवर पारदर्शक टेप दाबून उचलायची, रंगवायची आणि स्लाइडवर चिकटवायची. रंगवताना पहिली, अल्कोहोलची बुडी मात्र टाळायची, नाहीतर चिकटपणा विरघळून नमुनाच वाहून जातो. मालासेझिया हे यीस्ट यात भुईमुगाच्या छोट्या शेंगेसारखे दिसते. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याला चांगलेच फावते. पुटकुळी असेल तर ती सुईने फोडून आतला पू स्लाइडवर टेकवतात. पांढऱ्या पेशींनी गिळलेले गोल जिवाणू दिसले तर संसर्ग खरा. नुसते बाहेर विखुरलेले असतील तर ते कातडीचे नेहमीचे रहिवासीही असू शकतात. आणि पुवात जिवाणू नाहीत, उलट एकमेकींपासून सुटून गोल झालेल्या त्वचापेशी तरंगताहेत, असे दिसले तर पेम्फिगसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटण्याच्या आजाराची, शंका घ्यावी. तिथे अँटिबायोटिक कुचकामी. बायॉप्सीने खात्री झाली की इतरत्र घातक ठरणारे स्टेरॉइडच तिथे मुख्य औषध.

गजकर्णाच्या तपासणीत अडचण उलटी येते. तिथे ‘पॉझिटिव्ह’ही जपून वाचावे लागते. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला की मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने ग्रासलेले केस सफरचंदासारखे हिरवे चमकतात. चमक केसाच्या दांड्यात हवी. खवले, मलम आणि कपड्याचे तंतूही चमकतात, पण ती चमक वेगळी आणि केसाबाहेरची. ट्रायकोफायटॉन तर या दिव्याखाली चमकतच नाही. म्हणून पाकिटातला नवा कोरा टूथब्रश घेऊन दोन-तीन मिनिटे अंगभर फिरवायचा आणि त्याचे दाते बुरशीच्या माध्यमावर हलकेच टोचायचे. माणसांच्या डोक्यातल्या गजकर्णासाठी मॅकेन्झी यांनी 1963 मध्ये ब्रशची युक्ती मांडली, तिचेच हे रूप. पिवळे माध्यम लाल होणे आणि पांढरट, कापसासारखी वाढ दिसणे या दोन गोष्टी साधारण एकाच वेळी व्हायला हव्यात. काळी-हिरवी साधी बुरशीही आठ-दहा दिवसांनी माध्यम लाल करते. म्हणून प्लेट रोज पाहायची असते, एकदम पंधराव्या दिवशी नव्हे. खात्री शेवटी वाढीवरचा नमुना भिंगाखाली पाहूनच होते. तरीही पर्शियन मांजर अंगावर नुसते बीजाणू वागवत असेल तर ब्रश तेही पकडतो. त्याला रोग आहे की नाही, हे कातडी आणि घरातली माणसे पाहून ठरवावे लागते.

आता आक्षेप. पहिला, गर्दीच्या दवाखान्यात एवढा वेळ कुणाला आहे आणि इंजेक्शनचे पैसे आनंदाने देणारा माणूस स्लाइडचे देईल का? हा आक्षेप खरा आहे. पण अंदाजाने दिलेले पहिले औषध फसल्यावर होणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यांचा खर्च त्यात कुणी धरत नाही. दुसरा, मुक्या जनावराला रक्त येईपर्यंत खरवडायचे? नीट केलेली खरवड ओरखड्याएवढी असते, आणि महिनोन्‌महिने खाजणाऱ्या कातडीपेक्षा ती नक्कीच सोसवते. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या गोळ्या डेमोडेक्सही मारतात आणि सार्कोप्टिसही. मग गोळी द्यावी, ब्लेड कशाला? गोळ्या उत्तमच आहेत. इव्हर्मेक्टिन टोचत सुटण्यापेक्षा तर कितीतरी बऱ्या, कारण एमडीआर-1 जनुकातल्या दोषामुळे कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि जिवावर बेतते. पण झटके येणाऱ्या कुत्र्यांना या गोळ्याही जपून द्याव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दिला आहे. शिवाय बुरशी आणि जिवाणूंवर गोळीचा काडीचा उपयोग नाही. आणि मुख्य म्हणजे गोळी माइट मारते, तो का वाढला ते सांगत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला तर त्यामागे कुशिंग हा हार्मोन्सचा आजार किंवा आधी दिलेले स्टेरॉइड असू शकते. पिल्लाच्या अंगभर पसरला तर त्या जनावराची वीण पुढे घेऊ नये. स्लाइड न पाहता गोळी दिली तर यातले काहीच कळत नाही. औषध कधी थांबवायचे, तेही नाही. कातडी माइट संपण्याच्या कितीतरी आधी चांगली दिसू लागते. म्हणूनच महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून काही सापडले नाही, तरच औषध बंद करायची रीत आहे.

तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी जनावराला आंघोळ घालू नका, तेल-मलम-हळद काही लावू नका, खपल्या काढू नका. पाहण्यासारखे सगळे त्यांच्यातच असते. उरलेल्या औषधांची पाकिटे बरोबर न्या, कारण स्टेरॉइड कधी दिले यावर बायॉप्सीचे वाचनसुद्धा बदलते. आणि ‘काही सापडले नाही’ असे सांगितले गेले, तर नमुना कुठून घेतला, किती ठिकाणचा घेतला आणि कशासाठी घेतला, एवढे तीन प्रश्न जरूर विचारा.