भागाकार तुमचा, फंक्शन जीसीसीचं

बेंगळुरूच्या एम्बेडेड कंपन्यांत एक धास्ती अजून टिकून आहे. जीसीसी कंपायलर जीपीएलखाली आहे, तेव्हा त्यातून काढलेलं फर्मवेअरही जीपीएल होणार आणि आपला सोर्स कोड जगाला द्यावा लागणार! तसं होत नाही. पण त्यावर 'करवतवाला खुर्चीवर हक्क सांगतो का?' हे जे उत्तर मिळतं, तेही अर्धंच खरं आहे. या करवतीचे दोन-चार दात लाकडात राहतात.

कॉर्टेक्स-एम झिरो या छोट्या प्रोसेसरला भागाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही. सी भाषेत दोन चलांचा साधा भागाकार लिहिलात, की कंपायलर तिथं लिबजीसीसी या जीसीसीच्याच, जीपीएलखालच्या लायब्ररीतल्या फंक्शनला कॉल टाकतो आणि लिंकर ते फंक्शन तुमच्या फर्मवेअरमध्ये आणून बसवतो. मॅप फाइल उघडा, नावासकट दिसेल. म्हणजे धास्ती अगदीच खुळी नव्हे.

तिच्यावरचा उतारा म्हणजे जीसीसी रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन. जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ साली आली. (तिच्या मसुद्यावरची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट २००६ मध्ये बेंगळुरूच्याच आयआयएममध्ये भरली होती.) या आवृत्तीला जोडून २००९ मध्ये हा अपवाद नव्यानं लिहिला गेला. लिबजीसीसी किंवा लिबस्टडीसी प्लसप्लस जोडलेला प्रोग्राम तुम्ही हव्या त्या अटींवर विकू शकता. मेख एकच: जीसीसीच्या पोटातलं मधलं रूप बाहेर काढून स्वतःच्या बंदिस्त ऑप्टिमायझरमधून फिरवलंत, तर ही सवलत गेली.

मात्र ही सवलत सगळ्याच ग्नू लायब्रऱ्यांना आहे असं धरून चालणं महागात पडतं. जीलिबसी एलजीपीएलखाली आहे. ती स्टॅटिक लिंक केलीत, तर ग्राहकाला बदललेली जीलिबसी जोडून पाहता यावी म्हणून निदान ऑब्जेक्ट फाइल्स तरी द्याव्या लागतात. रीडलाइन तर सरळ जीपीएल. तिच्यापायी सीलिस्पला १९९२ मध्ये जीपीएल पत्करावी लागली.

'मग एलएलव्हीएम घ्या, कटकटच नको!' आयआयटी मुंबईत शिकलेले विक्रम अडवे आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी इलिनॉय विद्यापीठात उभा केलेला हा प्रकल्प २०१९ पासून अपाची २.० परवान्यावर आहे. पण प्रोग्राममध्ये शिरणाऱ्या तुकड्यांसाठी त्यालाही वेगळा अपवाद लिहावा लागला. शिवाय लिनक्सवर क्लँगला वेगळं काही सांगितलं नाही, तर ते सहसा जीसीसीचीच लिबजीसीसी जोडून मोकळं होतं.